न सांडणारी बॅटरी

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, चाळीस वर्षांहून अधिक काळ धान्याच्या घाऊक व्यापारात घालविलेल्या माणसाने तूरडाळीच्या तेजीमंदीवर किंवा बाजार समितीच्या कारभारावर चार शब्द लिहावेत. ते विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु त्यांची चर्चा आपण बारा महिने पेढीवर करीतच असतो. मी आज ज्या विषयावर लिहावयास बसलो आहे तो ऐकून वाचकबंधूंना किंचित हसू येईल. विषय आहे मोटारीच्या बॅटरीचा. आणि मोटारही आपल्या टेम्पोसारखी कामाची नव्हे, तर दोनच माणसे बसतील अशी, वरचे छत दुमडून ठेवता येणारी, निव्वळ हौसेची स्पोर्ट्स कार. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. विजेचे शास्त्र मी शिकलेलो नाही. तथापि त्या बॅटरीने मला माझ्याच दुकानातील एक जुनी चूक पुन्हा दाखविली, आणि तसली चूक आपल्यापैकी पुष्कळांच्या दुकानात आजही भिंतीला लागून उभी आहे, म्हणून हे लिहिणे.

२०२३ सालच्या मे महिन्यात मी व सौ. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराजवळ राहणाऱ्या थोरल्या मुलाकडे गेलो होतो. डेट्रॉइट हे मोटारींचे गाव. हेन्री फोर्ड यांची प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडी १९०८ साली निघाली ती याच गावातून. मुलगा मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात अभियंता आहे. घरी रोजच्या वापराची गाडी आहेच. शिवाय आम्ही जाण्यापूर्वीच्या वर्षी त्याने एक जुनी गाडी विकत घेऊन ठेवली होती. हिरोशिमाच्या माझदा कंपनीची, १९९६ सालची, 'एमएक्स-५' नावाची. अमेरिकेत तिला 'मियाटा' म्हणतात. ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली आणि २०१६ साली या जातीच्या गाड्यांची संख्या दहा लाखांवर गेली. दोन आसनांच्या दुसऱ्या कोणत्याही स्पोर्ट्स कारचा एवढा खप जगात झालेला नाही, असे मुलाने मोठ्या अभिमानाने सांगितले. सौ.नी गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढेच विचारले, "एवढे पैसे घातलेस, आणि नातवानं बसायचं कुठं?" अभियंत्याजवळ याचे उत्तर नव्हते.

त्या मुलखात हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळावा म्हणून मीठ पसरतात, आणि त्या मिठाने गाडीचा पत्रा खालून गंजतो. यास्तव असल्या हौशी गाड्या दिवाळीच्या सुमारास गॅरेजात जातात त्या चैत्र सरेपर्यंत बाहेर येत नाहीत. आम्हाला फिरवून आणावे म्हणून मुलाने एका रविवारी सकाळी वरचे कापड काढले, किल्ली फिरविली, आणि आतून नुसता टक्‌ टक्‌ असा आवाज आला. बॅटरी बसली होती. मी सवयीने पुढच्या बॉनेटकडे वळलो, तर मुलगा मागे जाऊन डिकी उघडू लागला. या गाडीची बॅटरी इंजिनाशेजारी नसून मागे, सामानाच्या डिकीत, उजव्या अंगाला एका खळग्यात बसविलेली असते.

हे असे का, याचे कारण आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी बैलगाडीत पोती लादताना पाहिली आहेत त्यांना चटकन समजेल. पोती मागे जास्त पडली तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे जास्त पडली तर बैलांच्या मानेवर भार येतो. जाणता गाडीवान एखादे पोते चार बोटे मागेपुढे सरकवून तोल साधतो. वळणावर चपळ वळावी अशी गाडी करणाऱ्यालाही हाच तोल साधावा लागतो. इंजिन पुढे असल्यामुळे पुढचा भाग आपोआप जड. म्हणून बॅटरीसारखी जड वस्तू त्यांनी मागे नेली आणि पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मे निम्मे वजन ठेवले. ही कल्पना जपान्यांचीच होती असे नव्हे. १९५९ सालच्या इंग्रजी 'मिनी' गाडीची बॅटरीही डिकीतच असे, आणि 'एमजीबी' नावाच्या स्पोर्ट्स कारमध्ये १९७४ पर्यंत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे ठेवीत. पुढे २००५ साली एमएक्स-५ चे नवे रूप आले तेव्हा बॅटरी पुन्हा इंजिनाजवळ गेली. पण मुलाची गाडी त्या आधीची.

बॅटरी माणसे बसतात तेथे, किंवा सामान ठेवतात तेथे आली की प्रश्न निर्माण होतो तो तिच्या पोटातील गंधकाम्लाचा आणि तिच्यातून निघणाऱ्या वायूंचा. बॉनेटखाली वारा खेळता असतो; डिकी ही बंद पेटी. म्हणून माझदाच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडे ती सीलबंद, न सांडणारी बॅटरी घेऊन. आणि त्या बॅटरीला दोन बारीक नळ्या जोडलेल्या असत, त्या डिकीच्या तळातून थेट बाहेरच्या हवेत जात.

मुलाच्या गाडीतील बॅटरी मात्र ती नव्हती. आधीच्या मालकाने केव्हातरी साधी, पातळ ॲसिडची, वर बुचे असलेली बॅटरी त्या खळग्यात दाबून बसविली होती. कारखान्याच्या नळ्या बाजूला लोंबत होत्या. त्यांना जोडण्याजोगे तोंडच नव्या बॅटरीला नव्हते. तिला आवळणारी पट्टी मापाची नसल्यामुळे एका दोरीने ती बांधली होती. मुलाने दोरी सोडून बॅटरी उचलली आणि आम्ही दोघेही गप्प राहिलो. खाली पत्र्याचा रंग पापुद्र्यांसारखा सुटला होता, एका कोपऱ्यात करंगळी जाईल एवढे भोक पडले होते आणि कडेने पांढरट-हिरवट भुकटी साचली होती. वर्षभर त्याच डिकीत तो भाजी आणि नातवाचे खेळणे ठेवीत होता.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. पत्रा पाहण्यापूर्वी, बॅटरी बसली आहे एवढे कळताच मी त्याला सल्ला दिला होता, "मापात बसेल ती घे. हौसेच्या गाडीला दुप्पट पैशाची बॅटरी कशाला?" यावर तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही आधी खाली काय झालंय ते बघा." आणि पत्र्यातील ते भोक पाहिल्यावर मला २००९ सालचा पावसाळा आठवला.

त्या वर्षी बेळगावात रविवार पेठेतील आमच्या दुकानात वीज वरचेवर जात असे. इलेक्ट्रॉनिक काटा, संगणकावरची बिले आणि दिवे चालावेत म्हणून मी इन्व्हर्टर घेतला होता. त्याची बॅटरी उंच, ट्युब्युलर म्हणतात तसली, ॲसिडने भरलेली, पन्नास किलोंहून जड. ती पेढीच्या खोलीत अडचण करते म्हणून आत पोत्यांच्या थप्पीशेजारी हलवावी असे मी ठरविले. दुकानदाराचा मिस्त्री येऊन हलवून देणार होता. पण तो दोन दिवस आला नाही आणि येण्याचे पैसेही मागत होता. मी आमच्या दोन हमालांना म्हटले, एवढे काय, शंभर किलोचे पोते उचलणाऱ्यांना ही पेटी काय जड! त्यांनी ती उचलली. उंबऱ्यापाशी एकाचा हात निसटला, बॅटरी कलली, एक बूच नीट बसलेले नव्हते ते सुटले आणि ॲसिड त्याच्या उजव्या पावलावर सांडले.

कोणी म्हणाले तेल लावा, कोणी म्हणाले हळद लावा. शेजारच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या ट्रकचा चालक धावत आला, त्याने सगळ्यांना बाजूला सारले आणि पिंपातील पाणी तांब्यातांब्याने त्या पावलावर ओतीत राहिला. अर्धे पिंप त्याने रिकामे केले. डॉक्टर नंतर म्हणाले की, त्या पाण्याने पाऊल वाचले. तरीही हमाल दीड महिना घरी होता आणि दोन बोटांवरची कातडी आजही चकचकीत, आवळल्यासारखी दिसते. औषधाचा खर्च आणि मजुरी मी दिली. ती देणे माझे कर्तव्यच होते. त्यात सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे हे की, मिस्त्रीला द्यावयाचे किरकोळ पैसे वाचविण्याची बुद्धी माझी होती आणि पाऊल मात्र त्याचे होते.

याचा पुढचा भाग आठ-दहा दिवसांनी कळला. सांडलेले ॲसिड आम्ही पुसून काढले होते. पण काही ओघळ थप्पीखाली गेला होता. गंधकाम्ल हे स्पिरिटसारखे उडून जात नाही. त्यातील पाणी तेवढे उडते, आणि मागे राहिलेले ॲसिड उलट अधिक तीव्र होत जाते. ताग म्हणजे वनस्पतीचा धागा. तो त्याने हळूहळू जाळला. खालच्या थरातील पोती उचलावयास गेलो तर पोत्याचे वरचे अंग हातात आणि तळ जमिनीवर, अशी अवस्था झाली. हरभरा डाळीची चौदा पोती टाकून द्यावी लागली. संशयित माल खाणाऱ्याच्या ताटात घालणे शक्य नव्हते.

मिशिगनच्या त्या डिकीतील भुकटी पाहून हे सारे मी मुलाला प्रथमच सांगितले. त्या वेळी तो शिकावयास बाहेरगावी होता. त्याने ऐकून घेतले आणि मग एक गोष्ट सांगितली, तिने मी चकित झालो. "आप्पा, आपल्या काट्यातली बॅटरी तुम्ही कधी पाहिलीय?" आपल्या इलेक्ट्रॉनिक काट्यांत सहा व्होल्टची जी लहानशी काळी वा करडी पेटी असते, ती शिसे आणि गंधकाम्ल यांचीच बॅटरी असते. काटा दुरुस्तीला नेताना आपण तो आडवा करतो, उलटा करतो, पोत्यांवर टाकतो. त्यातून कधी थेंब गळत नाही. म्हणजे न सांडणारी बॅटरी माझ्या दुकानात होतीच. आणि तिच्यापासून दहा पावलांवर मी सांडणारी ठेवली होती.

आता या बॅटऱ्यांतील भेद जसा मला समजला तसा सांगतो. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे आणि विरल गंधकाम्ल यांची, पुन:पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. मूळ तत्त्व आजही तेच आहे. बॅटरी भरत आली की जास्तीची वीज तिच्यातील पाणी फोडू लागते आणि त्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू निघतात. म्हणूनच जुन्या बॅटऱ्यांत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, आणि म्हणूनच त्यांना वायू बाहेर जाण्यासाठी छिद्रे ठेवावी लागतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण शेकडा ४ पासून ७५ पर्यंत असले तर एका ठिणगीने त्याचा स्फोट होऊ शकतो.

पुढे शिशात कॅल्शियम मिसळून पाण्याचा खप पुष्कळ कमी केलेल्या बॅटऱ्या आल्या. त्यांवर 'मेंटेनन्स फ्री' असे लिहिलेले असते. येथे बहुतेक ग्राहक फसतात, आणि विकणाराही पुष्कळदा अज्ञानाने फसवितो. मेंटेनन्स फ्री याचा अर्थ पाणी घालावे लागत नाही, एवढाच. आत ॲसिड पातळच असते, झाकणात वायूसाठी बारीक छिद्र असते, आणि बॅटरी आडवी झाली की त्या छिद्रातून ॲसिड पाझरू शकते. वर बुचे दिसत नाहीत म्हणून ती न सांडणारी ठरत नाही.

खरोखर न सांडणाऱ्या बॅटऱ्या दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात ॲसिडमध्ये सिलिकाची अतिसूक्ष्म भुकटी मिसळून ते खळीसारखे घट्ट करतात. ही 'जेल' बॅटरी जर्मनीत १९५७ साली निघाली. ती चांगली, पण तिला जास्त दाबाने चार्ज करणे सोसत नाही. त्या घट्ट खळीत बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात आणि त्या पुन्हा भरून येत नाहीत. दुसरा प्रकार 'ए.जी.एम.', म्हणजे काचेच्या केसाहून बारीक तंतूंचा नमदा पत्र्यापत्र्यांच्या मधे घालून त्यात ॲसिड शोषून घेतलेली बॅटरी. अमेरिकेतील गेट्स कंपनीने १९७० नंतरच्या दशकात ती बाजारात आणली. नमदा पूर्ण भिजवीत नाहीत, किंचित कोरडा ठेवतात. त्यामुळे धन पत्र्यावर निघालेला ऑक्सिजन त्या सूक्ष्म वाटांनी ऋण पत्र्याकडे जातो आणि तेथे त्याचे पुन्हा पाणी होते. बाहेर जाण्याजोगा वायू फारसा उरतच नाही. वर एक झडप असते. आतला दाब मर्यादेबाहेर गेला तरच ती उघडते. माझदाच्या गाडीला मूळची बॅटरी याच जातीची. बाजारात पुष्कळ लोक हिलाही जेलच म्हणतात. परंतु दोहोंच्या चार्जिंगची रीत वेगळी आहे, त्यामुळे नाव नीट विचारून घ्यावे.

न सांडणारी कोणती म्हणावी, याची कसोटी दुकानदाराच्या तोंडावर सोडलेली नाही, हे मला विशेष आवडले. बॅटऱ्या विमानाने पाठवावयाच्या तर आंतरराष्ट्रीय नियमांत पातळ ॲसिडच्या बॅटरीला २७९४ आणि न सांडणाऱ्या ओल्या बॅटरीला २८०० असे निरनिराळे क्रमांक आहेत. न सांडणारी म्हणवून घ्यावयाचे तर बॅटरीने हादऱ्यांची आणि दाबातील फरकाची परीक्षा एकही थेंब न गळता पार पाडली पाहिजे. शिवाय ५५ अंश सेल्सियस उष्णतेत तिचे कवच फुटले वा तडकले तरी आतून ॲसिड वाहता कामा नये, अशी अट पुरी केली तर तिला आणखी सवलती मिळतात. अशा बॅटरीवर 'नॉन-स्पिलेबल' हा शब्द छापलेला असतो. 'सील्ड', 'मेंटेनन्स फ्री', 'ड्राय' असले शब्द वाचून समाधान मानू नये. हा एक शब्द शोधावा.

त्याच दिवशी दुपारी आम्ही मोटारींच्या सामानाच्या दुकानात गेलो. तेथील तरुण विक्रेत्याने तीन बॅटऱ्या दाखविल्या. पहिली साधी, सर्वांत स्वस्त. तिचा विचार संपलाच होता. दुसरी ए.जी.एम. जातीची, वर 'नॉन-स्पिलेबल' असे स्पष्ट छापलेले, आणि तिसरीपेक्षा बरीच स्वस्त. तिसरीही ए.जी.एम.च, परंतु खास या गाडीसाठी केलेली. माझा जीव अर्थातच दुसरीवर गेला. सांडत नाही एवढे छापून दिले आहे, मग आणखी पैसे कशाचे? मुलाने तिसरीच्या दोन्ही टोकांना असलेली बारीक तोंडे दाखविली. कारखान्याच्या नळ्या त्यांना जोडावयाच्या होत्या. दुसरीला तशी तोंडे नव्हती.

"न सांडणारी म्हणजे वायू न सोडणारी नव्हे," तो म्हणाला. ही गोष्ट मला त्याने दोनदा समजावून सांगितली. गाडी चालताना बॅटरी भरणारे यंत्र बिघडले आणि जास्त दाबाने वीज देऊ लागले, तर ए.जी.एम. बॅटरीचीही झडप उघडते आणि हायड्रोजन व ॲसिडची वाफ बाहेर पडते. तो प्रसंग कदाचित दहा वर्षांत एकदाही येणार नाही. परंतु आला तर तो वायू बंद डिकीत साठावा की नळीवाटे रस्त्यावर जावा, एवढाच प्रश्न. हुंडीची मुदत टळेल असे धरून कोणी व्यापारी हुंडी लिहीत नाही, तरी साक्षीदार घेतोच. मी मुकाट्याने तिसरीकडे वळलो.

दुसरीत आणखी दोन दोष निघाले. तिची उंची थोडी जास्त, म्हणजे मूळ पट्टीने ती आवळली गेली नसती. आणि डिकीत सैल बॅटरी म्हणजे वळणावर घरंगळणारे वजन. शिवाय तिचे पोल जाड होते. जपानी गाड्यांत बारीक पोलांची पद्धत आहे. धन पोल साधारण १४.७ मिलिमीटर, तर सर्वसाधारण जाड पोल १९.५ मिलिमीटर. ताणून बसविलेली पकड पुढे सैल होते आणि ठिणगी पाडते. मूळ बॅटरीवर 'एस ४६ ए २४ एल' असा जो संकेत असतो त्यात हे सर्व सांगितलेले आहे. एस म्हणजे सीलबंद जातीची, ४६ ही तिच्या ताकदीची प्रत, ए हे रुंदी-उंचीचे माप, २४ ही सेंटिमीटरमध्ये लांबी आणि एल हे पोल कोणत्या बाजूस आहेत त्याची खूण. आपल्या पोत्यावरील मार्क्याप्रमाणेच हे. वाचता आले तर माल न उघडता कळतो.

विक्रेता मात्र बॅटरीच्या थंडीतल्या जोराचा आकडा पुन:पुन्हा सांगत होता. शून्याखाली १८ अंश थंडीत बॅटरी तीस सेकंद किती विद्युत्प्रवाह देऊ शकते, त्याचा तो आकडा. बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब तेवढ्या वेळात ७.२ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. मिशिगनमध्ये हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही हे खरे. परंतु पावणेदोन-पावणेदोन लिटरांच्या आसपासचे लहान इंजिन, तेही हिवाळाभर बंद राहणारे. त्याला ट्रकचा जोर काय करावयाचा? त्याने लिथियमचीही एक बॅटरी दाखविली. पिसासारखी हलकी, पण त्या जातीच्या बॅटऱ्या गोठणबिंदूखालच्या थंडीत चार्ज करू नयेत, आणि किंमत ऐकून सौ.ने माझ्याकडे जे पाहिले त्याने तो विषय तेथेच मिटला.

एका बाबतीत मात्र माझा धंदा मुलाच्या विद्येपेक्षा उपयोगी पडला. मी विचारले, माल कधीचा? विक्रेत्याला प्रश्नच कळेना. बॅटरी शिलकीत नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते, आणि उतरलेली पडून राहिली तर तिच्या पत्र्यांवर कठीण थर धरतो. जुनी डाळ जशी वरून चकचकीत आणि आत किडीची असते तसे. अंगावर एक लहान गोल चिकटपट्टी होती, तीवर 'एच २' असे लिहिलेले. तेथे पुष्कळ बॅटऱ्यांवर अक्षराने महिना आणि अंकाने वर्ष दाखवितात. ए जानेवारी, बी फेब्रुवारी, याप्रमाणे एच म्हणजे ऑगस्ट, वर्ष २०२२. नऊ महिन्यांचा माल! मुलाने खिशातील मीटर लावला, तो १२.४ दाखवी, पूर्ण भरलेल्या ए.जी.एम. बॅटरीला १२.८ च्या आसपास दाखवावयास हवे. आतून दुसरी आणावयास लावली. ती 'सी ३', मार्चमधली, आणि मीटर १२.८ वर. विक्रेत्याने मुलाला विचारले, तुमचे वडीलही याच धंद्यात आहेत काय?

बिलात जुन्या बॅटरीबद्दल अनामत म्हणून काही रक्कम वेगळी धरली होती. जुनी परत केली की ती वजा. मी म्हटले, हे तर आपले बारदान! रिकामे पोते परत करा आणि पैसे न्या. शिसे हे विष आहे आणि पुन्हा वितळवून वापरता येणारा मालही आहे, तेव्हा ही रीत योग्यच. आपल्याकडेही २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्या भंगारवाल्याला देऊन रस्त्याच्या कडेला फोडू देऊ नयेत.

बॅटरी बसविण्याआधी दोन दिवस डिकीच्या दुरुस्तीत गेले. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तो त्या जागी ओतला तेव्हा फसफसून फेस आला, म्हणजे ॲसिड अजून शिल्लक होते. फेस येणे थांबेपर्यंत तीनदा धुतले, गंज खरडला, भोकावर पत्रा जोडून रंग दिला. मग पट्टी, दोन्ही नळ्या, आणि पकडी. काढताना ऋण पकड आधी आणि बसविताना ऋण शेवटी, हा क्रम मुलाने मला करावयास लावून शिकविला. गाडीचे सारे अंग ऋण टोकाला जोडलेले असते. ते टोक सोडविलेले असले म्हणजे धन टोकावरचा पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. पुढच्या हिवाळ्यासाठी ए.जी.एम.ला योग्य असा लहान चार्जर लावून ठेवण्याची व्यवस्थाही त्याने केली; कारण भरलेल्या बॅटरीतील ॲसिड उणे पन्नास अंशांपर्यंतही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतले उणे दहाच्या आसपासच गोठते आणि कवच तडकते.

ऑगस्टमध्ये बेळगावला परतल्यावर मी आमच्या जागेतील तिन्ही बॅटऱ्या पाहिल्या. सर्व बदलल्या असे मात्र नाही. ट्युब्युलर बॅटरी रोजच्या लांब भारनियमनाला जास्त टिकते आणि आपल्या उन्हाळ्याची उष्णताही सीलबंद बॅटरीपेक्षा जास्त सोसते. तेव्हा गुदामातील ती तशीच ठेवली, फक्त तिच्याखाली प्लॅस्टिकचे खोल तसराळे दिले, मालापासून ती दूर केली आणि जवळची खिडकी उघडी राहील असे पाहिले. पेढीवरील मात्र, जेथे माणसे दिवसभर बसतात आणि हात लागतो, ती बदलून सीलबंद आणली. ज्यांना असे करावयाचे असेल त्यांनी इन्व्हर्टरच्या मागची कळ अवश्य पाहावी. ट्युब्युलर आणि सीलबंद यांना चार्जिंगचा दाब वेगळा लागतो आणि बहुतेक इन्व्हर्टरांत तो निवडण्याची सोय असते. ती कळ तशीच सोडली तर चांगली बॅटरीही वर्षभरात मरते.

नवी बॅटरी आली त्या दिवशी तोच हमाल दुकानात होता. आता तो पोती उचलीत नाही. काट्यावर बसून वजने लिहितो. मी त्याला सांगितले की ही सांडत नाही, आडवी केली तरी गळत नाही. दुकानदाराच्या माणसाने खात्री पटावी म्हणून ती चक्क कुशीवर कलती करून दाखविली. हमाल म्हणाला, "असंल, अण्णा, असंल." आणि बसल्या जागी त्याने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.